पत्रातला गुडघा आणि ताज्या कलमातला गुडघा

डॉक्टरसाहेब, स. न. वि. वि.

माझं वय 51. राजापूर तालुक्यात हापूसची दीडशे कलमं आहेत. यंदा शिमग्यात सहाणेसमोर (पालखी बसते तो चौथरा) पालखी नाचवताना उजवा पाय जागीच राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यात आतल्या बाजूला चमक आली, तरी पालखी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला. गावातल्या एकाने दोनदा चोळून बांधला. मग आंब्याची तोड सुरू झाली आणि दुखणं मागे पडलं. आता एमआरआय काढला. त्यात ‘मेडिअल मेनिस्कस, पोस्टीरिअर हॉर्न, ग्रेड 3 टेअर’ असं आलं आहे. शहरातल्या डॉक्टरांनी आठ दिवसांत दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं. मुंबईचा मेहुणा म्हणतो, अजिबात करू नका. बागेतला उतार उतरताना दुखतं, कधीकधी गुडघा अडकल्यासारखा वाटतो, संध्याकाळी थोडी सूज येते. पुढच्या शिमग्याला पालखी खांद्यावर घ्यायची आहे. काय करू?

ता. क. मंडळींचंही (वय 48) गुडघ्याचं चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी डोक्यावर हारा (मोठी टोपली) घेऊन पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरताना गुडघ्याच्या मागे ‘कट्’ असा आवाज झाला म्हणते. तेव्हापासून लंगडते, रात्री झोप नाही. एक्स-रेत ‘वयाप्रमाणे झीज’ आली. तेल लावते आहे. ती म्हणते, आधी तुमचं बघा.

– एक बागायतदार (नाव छापू नये)

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि ताजा कलम चार वेळा. खरं तर उत्तर शेपटापासून सुरू करायला हवं. पण तुमच्या गुडघ्याचं गणित कळल्याशिवाय वहिनींच्या गुडघ्याचं कळणार नाही, म्हणून क्रम तुमचाच ठेवतो. तेवढ्यात एक करा. ती तेलाची वाटी बाजूला ठेवायला सांगा आणि वहिनींच्या हातात काठी द्या. कुठल्या हातात, ते पुढे येईल.

गुडघ्यात मांडीच्या हाडाचं टोक गोल असतं आणि खाली नडगीचं हाड जवळजवळ सपाट. गोल बुडाची कळशी डोक्यावर ठेवायची तर चुंबळ लागते. गुडघ्यात तशा दोन चुंबळी आहेत, आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला एक. पूर्ण गोल नाहीत, चंद्रकोरीसारख्या. लोक त्यांना गादी म्हणतात, डॉक्टर मेनिस्कस. तुमच्या रिपोर्टातलं ‘मेडिअल’ म्हणजे आतली, ‘पोस्टीरिअर हॉर्न’ म्हणजे तिचा मागचा भाग. वजन एका जागी येऊ न देता पसरवणं हे त्यांचं काम. आतली गादी बाजूच्या लिगामेंटला (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याला) घट्ट बांधलेली असल्यामुळे तिला सरकायला जागा कमी, म्हणून फाटण्याची पाळी तिच्यावर जास्त येते. पाय जमिनीत रोवलेला, गुडघा वाकलेला, अंगावर भार आणि वरचं शरीर वळलं, की दोन हाडांच्या मध्ये ती चिरडली जाते. लावणीच्या चिखलात हेच होतं, कबड्डीत हेच होतं, आणि पालखीखाली तर सगळंच एकदम होतं.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत कामाची वाटलेली ओळ एमआरआयची नाही. ‘दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला’ ही आहे. दोन तासांत गुडघा फुगला असता तर आत रक्त साचलंय असं धरून मी आतल्या मोठ्या लिगामेंटची किंवा हाडाची काळजी केली असती. रात्रभरात हळूहळू आलेली सूज बहुतेक वेळा गादीची असते. त्यात आतल्या बाजूचं दुखणं आणि उतार उतरताना होणारा त्रास मिळवला, की निदान बरंचसं यंत्राशिवाय झालं. उरलेलं हाताने होतं. सांध्याच्या फटीवर अंगठ्याने दाबून बघायचं, गुडघा पूर्ण वाकवून पाऊल फिरवत सरळ करायचा (याला मॅकमरेची तपासणी म्हणतात), आणि लिगामेंट ढिली आहेत का ते ओढून बघायचं. ‘आठ दिवसांत ऑपरेशन’ सांगणाऱ्या डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावला होता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. लावला असेल तर माझी शंका मागे घेतो.

आता त्या ‘ग्रेड 3’बद्दल. हा शब्द वाचून माणसं कॅन्सरची तिसरी स्टेज असल्यासारखी घाबरतात. गादीच्या पोटात नुसता डाग दिसला तर ग्रेड 1 किंवा 2, तो डाग पृष्ठभागापर्यंत पोहोचला तर ग्रेड 3. म्हणजे खरी चीर आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती किती दुखावी, कधी कापावी, हे त्या आकड्यात नसतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 50 ते 90 वयाच्या 991 माणसांचे एमआरआय काढले होते; गुडघा दुखतो म्हणून नव्हे, सहज निवडलेली माणसं. 2008 साली निकाल छापून आले. ज्यांच्या गादीत चीर सापडली त्यांतल्या 61 टक्के लोकांना आधीच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास झालेला नव्हता. पन्नाशीपुढची अर्धी पालखी मशीनमध्ये घातली तर तुमच्यासारखे रिपोर्ट आणखी निघतील, आणि ती माणसं मजेत नाचत असतील.

मेहुण्याचं म्हणणं बहुधा फिनलंडच्या अभ्यासावरून आलं असावं. 2013 साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा आमच्या धंद्यात बरीच खळबळ झाली. 35 ते 65 वयाचे 146 रुग्ण, सगळ्यांची आतली गादी झिजून फाटलेली. दुर्बीण सगळ्यांच्याच गुडघ्यात घातली. निम्म्यांची फाटकी कड कापून गुळगुळीत केली, उरलेल्यांच्या बाबतीत कापल्याचं नुसतं नाटक केलं. अवजारं मागितली, वेळ तेवढाच घेतला. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं. पुढे 2016 मध्ये नॉर्वेतल्या 140 रुग्णांवरच्या अभ्यासात एका गटाला ऑपरेशन आणि दुसऱ्याला 12 आठवडे देखरेखीखालचा व्यायाम दिला, आणि दोन वर्षांनी दोघांत फरक नव्हता. व्यायामवाल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाने मध्येच ऑपरेशन करून घेतलं, हेही खरं. मेहुणा हा भाग सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. शिवाय फिनलंडवाल्यांनी मोठ्या अपघाताने फाटलेले आणि अडकून बसलेले गुडघे अभ्यासात घेतलेच नव्हते. त्यामुळे ‘अजिबात करू नका’ हे सगळ्यांना लागू होणारं वाक्य नाही.

मी स्वतः उमेदीच्या काळात अशा बऱ्याच गुडघ्यांत दुर्बीण घातली आहे. कड कापली की टीव्हीच्या पडद्यावर ती इतकी सुबक दिसते की रुग्णही खूश आणि आपणही. सहा महिन्यांनी तोच रुग्ण ‘जरा दुखतं हो’ म्हणत आला की आम्ही वयाला दोष द्यायचो. कापलेली गादी परत उगवत नाही आणि जेवढी कापली तेवढा भार उघड्या हाडावर जातो, हे 1948 साली फेअरबँक नावाच्या इंग्रज सर्जनने एक्स-रेवर दाखवून दिलेलं होतं. वाचलं सगळ्यांनी होतं. हात थांबायला आणखी काही दशकं गेली.

तर तुमच्या बाबतीत सगळा प्रश्न एका शब्दावर येतो, ‘अडकतो’. तुम्ही ‘अडकल्यासारखा वाटतो’ असं लिहिलंय, आणि त्या ‘सारखा’वर माझी भिस्त आहे. खरा अडकलेला गुडघा वेगळाच असतो. सरळच होत नाही, थोडा वाकलेल्या स्थितीत कुलूप लागल्यासारखा थांबतो, माणूस पाय हलवून, फिरवून तो सोडवतो आणि सुटताना आत काहीतरी जागेवर गेल्याचं कळतं. गादीचा लांब तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून मध्ये येतो तेव्हा हे होतं. घरी एवढं बघा: जमिनीवर उताणे झोपा, दोन्ही पाय सैल सोडा, आणि गुडघ्याखाली हात घालून दोन्ही बाजूंची पोकळी ताडून बघा. दुखरा पाय चांगल्या पायाइतका टेकत नसेल तर व्यायामाच्या नादी न लागता आठवड्याभरात सर्जनकडे जा. तेव्हा ते ‘आठ दिवस’ बरोबर ठरतील. दोन्ही सारखे टेकत असतील, आणि तुम्ही तोडीचा सगळा हंगाम उभ्याने काढलात त्यावरून मला तसंच वाटतं, तर घाई कसलीही नाही.

मग टाके घालून शिवता येणार नाही का, असं तुम्ही विचाराल. शिवण्याची कल्पना नवी नाही; एडिंबरात 1883 साली थॉमस अॅनंडेल यांनी एका खाणकामगाराची गादी शिवली होती. पण गादीला रक्त फक्त बाहेरच्या कडेला मिळतं, आतला भाग बिनरक्ताचा. विशी-तिशीतल्या पोराची ताजी, कडेजवळची चीर असेल तर टाका धरतो आणि तिथे शिवणं हेच योग्य; अशा पोराला ‘बघू नंतर’ म्हणून घरी बसवू नये. पन्नाशीतली झिजलेली गादी म्हणजे ऊन-खाऱ्या पाण्याने कुजलेलं जाळं. आपल्याकडचा कुठलाही खलाशी सांगेल, नव्या जाळ्याचा फाटा विणता येतो, कुजक्या सुताला गाठ बसत नाही.

तुमचं औषध मांडीचा पुढचा स्नायू. एवढ्या महिन्यांत तो बारीक झाला असणार. दोन्ही मांड्या गुडघ्याच्या वर चार बोटांवर टेपने मोजा, फरक दिसेल. सुरुवात टॉवेलच्या वळकटीने करा: ती गुडघ्याखाली ठेवून पाच सेकंद खाली दाबायची, सोडायची. मग पाय सरळ ठेवून उचलणं. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. ते सहज जमलं की अंगणात एक चिरा आडवा ठेवून त्यावर चढ-उतार, चढायचं आणि सावकाश उतरायचं, उतरण्यातच खरा व्यायाम आहे. एका पायावर तोल सांभाळणं पालखीवाल्याला तर हवंच. शक्य असेल तर पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोन-तीनदा जा. तालुक्याला जाणं होत नसेल तर एकदा नीट शिकून या आणि घरी करा. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर डोस जास्त झाला. बारा आठवडे द्या, त्याआधी निकाल विचारू नका.

तोवर उकिडवं बसणं बंद, मांडी घालणं कमी. शौचाला कमोड किंवा कमोडची खुर्ची. सूज असेल त्या दिवशी बर्फ. दुखण्याचं जेल लावायला हरकत नाही. दुखण्यावरच्या पोटात घ्यायच्या गोळ्या मात्र रक्तदाब, मूत्रपिंड आणि अल्सरचं विचारल्याशिवाय घेऊ नका, शेजाऱ्याच्या पुडीतल्या तर मुळीच नाही. सुजलेला सांधा चोळून बांधणं यापुढे नको. आणि वजन थोडं जास्त असेल तर ते उतरवा. शरीराचा एक किलो गुडघ्यावर दर पावलाला साधारण चार किलोचा फरक करतो.

बारा आठवड्यांनीही रोजचं काम अडत असेल तर दुर्बिणीचा विचार पुन्हा करू. उशीर झाल्याने तुमचं नुकसान होणार नाही. पालखीचं पुढच्या शिमग्याला ठरवू. व्यायाम तुम्ही पायात बूट घालून केलेला असेल, पण सहाणेवर तुम्ही अनवाणी असणार, हेही धरून चाला.

आता वहिनी.

तुम्ही ‘मंडळींचंही गुडघ्याचं चालू आहे’ म्हणून चार ओळींत संपवलंत, पण त्या चार ओळींत मला जे दिसतंय ते तुमच्या दुखण्यापेक्षा घाईचं आहे. पन्नाशीच्या आसपासची बाई, पायरी उतरताना गुडघ्याच्या मागे ‘कट्’, आणि त्या क्षणापासून लंगडणं. हे वर्णन मी ओपीडीत इतक्यांदा ऐकलंय की वाक्य पूर्ण व्हायच्या आत कान टवकारतात. पडणं नाही, मुरगळणं नाही, नुसतं एक पाऊल. आणि म्हणूनच कुणी त्याला दुखापत म्हणत नाही. ‘वय झालं, वंगण संपलं’ म्हणतात, कॅल्शियम देतात.

मला शंका आहे ती गादीच्या मुळाची. चंद्रकोरीची दोन्ही टोकं हाडाला रोवलेली असतात, त्यांना मूळ म्हणतात. मागचं मूळ उपटलं की गादी मध्ये कुठे फाटलेली नसली तरी निकामी होते. चुंबळीची अखेरची गाठ सुटली तर कापड अख्खं असूनही ती पसरते आणि कळशी थेट डोक्यावर बसते, अगदी तसं. गादी कडेने बाहेर सरकते आणि हाड हाडावर येतं. प्रयोगशाळेत मोजून पाहिलंय, मूळ तुटलेल्या गुडघ्यातला दाब संपूर्ण गादी काढून टाकलेल्या गुडघ्याइतका होतो. त्या दाबाखाली हाडाला आतून बारीक भेगाही पडतात. रात्री झोप न येण्याचं कारण ते असू शकतं. उकिडवं बसून विळीवर मासळी चिरणं, चुलीपुढे बसणं, जमिनीवरून उठणं, डोक्यावर ओझं घेऊन पाखाडी चढणं-उतरणं, आपल्याकडच्या बायकांच्या गुडघ्यांना यातलं काही चुकत नाही. पूर्व आशियातल्या, जमिनीवर बसणाऱ्या समाजांमध्येही हा प्रकार बराच दिसतो.

तुम्हाला ‘थांबा’ सांगणारा मी इथे ‘थांबू नका’ म्हणतोय, याचं कारण एवढंच. तुमची चीर तशीच राहिली तरी गादी काम करते आहे. वहिनींचं मूळ तुटलेलं असलं तर गादी काम करतच नाही, आणि सांध्याची कुर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) काही महिन्यांत घासून जाऊ शकते. वेळेत सापडलं तर नडगीच्या हाडातून बारीक बोगदा करून, त्यातून दोरा ओढून मूळ परत जागेवर बांधता येतं. कुर्चा आधीच गेलेली असेल किंवा पाय धनुष्यासारखा वाकलेला असेल तर नुसतं मूळ बांधून उपयोग होत नाही, मग बोलणं वेगळं होतं. म्हणून आधी बघायला हवं.

तो ‘वयाप्रमाणे झीज’वाला एक्स-रे झोपवून काढलेला आहे का, विचारा. झोपलेल्या गुडघ्यावर भार नसतो, फट मोकळी दिसते. एक्स-रे उभं राहून, दोन्ही गुडघ्यांचा एकत्र काढायचा. पैसे बहुतेक तेवढेच पडतात. आणि एमआरआय. एमआरआयच्या चिठ्ठीवर डॉक्टरांना ‘मागचं मूळ बघा’ असं स्पष्ट लिहायला सांगा, कारण विचारलं नाही तर ते रिपोर्टात निसटतं. नुसता रिपोर्ट आणू नका, फिल्म किंवा सीडी आणा. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, कोणती प्रक्रिया यादीत बसते हे त्याला ऑपरेशन ठरायच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

तोवर काठी, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. त्याच बाजूला धरली की भार कमी होत नाही. पाखाडी बंद, हारा बंद, कळशी बंद. जेवण ओट्यावर किंवा उंच स्टुलावर बसून. पोटरी एकाच पायाची सुजून कडक झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, ती शिरेतली गुठळी असू शकते. गुडघा गरम, लाल आणि सोबत ताप असला तरीही त्याच दिवशी. (पाऊस पडून शेतात उतरलात आणि ताप आला, दोन्ही पोटऱ्या ठणकायला लागल्या, तर तो गुडघ्याचा विषय नव्हे, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, सरकारी दवाखान्यात लगेच जायचं.)

आणि यंदा वहिनी लावणीला उतरणार नाहीत. मला माहीत आहे, पत्रात हे लिहिणं सोपं आहे. तरवा (भाताची रोपं) काढायला आणि लावायला माणसं मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, आणि शेताचे चार कोपरे पडीक राहिले तर त्यांचाच जीव तुटेल. तरीही नाही. मूळ बांधलं तर सहा आठवडे कुबड्या, गुडघा नव्वद अंशांपुढे वाकवायचा नाही, उकिडवं बसणं तर चार-सहा महिने विसरायचं. घरातलं पाणी कोण भरणार, भाकऱ्या कोण भाजणार, हे तारीख घ्यायच्या आधी ठरवा. माझ्याकडे ऑपरेशन उत्तम झालेली एक बाई तिसऱ्या आठवड्यात चुलीपुढे बसली होती, कारण दुसरं कुणी बसायला नव्हतं. टाके गेले. दोष तिला कुठल्या तोंडाने देणार?

मृग लागला की घाटातल्या आणि आपल्या रस्त्यांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे, त्याआधी तपासणी उरका. तुमचा एमआरआय झालेलाच आहे, तो कपाटात राहू दे. सोमवारी एमआरआय सेंटरला फोन कराल तेव्हा वेळ वहिनींच्या नावाने घ्या. ‘आधी तुमचं बघा’ असं त्या म्हणतील तेव्हा हे पान त्यांना वाचायला द्या.